राखाडी हल्क

ताई,

मी ४२ वर्षांचा, ९ वर्षांच्या मुलीचा बाबा. सुपरहिरो हे माझं लहानपणापासूनचं वेड. कॉमिक्स, सिनेमे, शिवाय काचेच्या कपाटात ५३ ॲक्शन फिगर, म्हणजे या वीरांच्या हातपाय हलणाऱ्या छोट्या प्रतिकृती, त्यातल्या निम्म्या अजून न उघडलेल्या खोक्यांत. मुलगी झाली तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की चला, आता हे सगळं दाखवायला घरात कुणीतरी आलं. ती समजत्या वयाची व्हायची मी वाट पाहत होतो.

गेल्या सुट्टीत मार्व्हलच्या २२ सुपरहिरो सिनेमांचा तक्ता करून भिंतीवर लावला. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'एंडगेम'पर्यंत, ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने, दर शनिवारी एक. तिसऱ्या शनिवारी ती सोफ्यावर झोपून गेली. पाचव्या शनिवारी तिचं पोट दुखायला लागलं. म्हटलं, हे राहू दे, 'स्टार वॉर्स' घेऊ. १९८० च्या सिनेमातला, नायकाचा बाप कोण ते कळतं तो प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होतो. पण तिला आधीच माहीत होतं! शाळेत कुणीतरी सांगितलेलं. थंडपणे म्हणाली, 'मग त्याची आई कोण?' मी म्हणालो, 'ते आत्ता महत्त्वाचं नाही, पुढे बघ.'

एकदा तिने चित्रात हल्क हा सुपरहिरो काढला आणि राखाडी रंगवला. हिरवा खडू संपला होता म्हणे. मी म्हणालो, 'अगं, हल्क हिरवा असतो, नवा खडू आणू मग रंगव.' तिने कागदाचा बोळा केला.

आणि मागच्या महिन्यात तिने कपाटातली १९९५ सालची एक फिगर खोक्यातून काढली. न उघडलेली होती. हात निखळला. मी ओरडलो, असा यापूर्वी कधी ओरडलो नव्हतो. तेव्हापासून ती त्या खोलीत येत नाही. वेळ मिळाला की माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम घेऊन बसते. आईला म्हणाली, 'ते बाबाचं आहे, माझं नाही.'

बायको म्हणते, बरंच झालं, तसंही त्यात हाणामारीशिवाय आहे काय. मी काय करू? हा नाद तिच्यापुरता सोडून देऊ, की ती मोठी व्हायची वाट बघू?

– हिरमुसलेला बाबा


हिरमुसलेल्या बाबांना,

हल्कपासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही चक्क हरलात, आणि तुमच्यासारख्या पट्टीच्या माणसाने नेमकं तिथे हरावं याची मला गंमत वाटली. १९६२ साली हल्कचा पहिला अंक आला तेव्हा तो कुठल्या रंगाचा होता? राखाडी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो राखाडीच जन्माला घातला होता. पण त्या काळच्या छपाईत तो रंग नीट धरेना. एका पानावर फिकट, दुसऱ्यावर काळपट. म्हणून दुसऱ्या अंकापासून गडी हिरवा झाला. म्हणजे तिकडे शाईने दगा दिला म्हणून हिरवा, आणि तुमच्या घरी खडूने दगा दिला म्हणून पुन्हा राखाडी. हे तुम्हाला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार. मग त्या क्षणी 'हल्क हिरवा असतो' हेच कसं तोंडून गेलं? 'अगं, तू काय काढलंस कळतंय का तुला? हा पहिला हल्क आहे!' असं म्हणण्याची काय सोन्यासारखी संधी होती. तुमच्या तीस वर्षांच्या ज्ञानाचं चीज त्या एका मिनिटात झालं असतं.

मला वाटतं, गाठ इथेच बसली आहे. तुम्ही तिला या जगात वाटेकरी करायला निघालात आणि करून बसलात प्रेक्षक. प्रेक्षकाने काय करायचं ते ठरलेलं असतं: दिलेल्या वेळी यायचं, दिलेल्या जागी थक्क व्हायचं, मध्ये बोलायचं नाही. वाटेकरी मात्र मधेच बोलतो, वस्तूला हात लावतो, 'हे असं का?' म्हणतो, आणि कधी कधी हातही निखळवतो.

आणि खरं सांगू का, तुमचं हे जग उभंच राहिलंय ते असल्या ढवळाढवळीवर. १९३८ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा. एका झेपेत फर्लांगभर, एवढीच त्याची मजल. उडणं मागाहून आलं. ज्या क्रिप्टोनाइटमुळे त्याची शक्ती जाते ते मूळ कॉमिकमधलं नव्हेच. १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेतून ते लोकांसमोर आलं. बॅटमॅन बंदुकीला हात लावत नाही असं तुम्ही तिला नक्की सांगितलं असेल, पण १९३९ मधल्या सुरुवातीच्या गोष्टींत त्याच्याकडे बंदूक आहे. १९८८ मध्ये तर बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याने जगावं की मरावं याचा कौल वाचकांकडून फोनवर घेतला आणि अवघ्या ७२ मतांच्या फरकाने तो मेला. (हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दोन दिवस बरं वाटत नव्हतं. त्या बहात्तर जणांना काय म्हणावं!) ज्याला तुम्ही 'खरं' आणि 'मूळ' म्हणता ते असं शेकडो हातांतून, शाईच्या नि पैशाच्या अडचणींतून, वाचकांच्या लहरीवरून घडत आलंय. त्यात आणखी एक नऊ वर्षांचा हात लागला तर बिघडतं कुठे?

आता 'त्याची आई कोण' या प्रश्नाकडे येते. ज्यांनी 'स्टार वॉर्स' अजून पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. १९८० चा सिनेमा असला म्हणून काय झालं. खलनायक डार्थ व्हेडर हाच नायक ल्यूकचा बाप, हा गौप्यस्फोट जपायला सिनेमावाल्यांनी केवढा आटापिटा केला होता ते तुम्ही जाणता. चित्रीकरणात सेटवर मुद्दाम भलतंच वाक्य बोललं गेलं, आणि ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिललाही खरं काय ते अगदी आयत्या वेळी सांगितलं. तेच गुपित आज शाळेच्या मधल्या सुट्टीत फुकट मिळतं. तुमचं दुःख मला समजतं. पण जरा विचार करा. बाप कोण हे आयतं कळल्यावर तुमची मुलगी थांबली नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला. आणि काय प्रश्न! पडद्यावर बाप १९८० मध्ये कळला, पण आई कोण हे दिसायला १९९९ उजाडलं. सिनेमा बनवणाऱ्यांना जिथे पोचायला एकोणीस वर्षं लागली तिथे ही पोरगी सोफ्यावर बसल्या बसल्या दहा सेकंदांत पोचली, आणि तिला उत्तर काय मिळालं? 'ते आत्ता महत्त्वाचं नाही.'

तुम्ही तिच्या चेहऱ्यावर तुमचा जुना चेहरा शोधत होतात. तिथे तो नव्हता म्हणून तिचा जो होता तोही तुम्हाला दिसला नाही. हे मी वरच्या पट्टीत बोलत नाहीये, कारण हाच उद्योग मी स्वतः केलाय. लहानपणी मी ज्या साहसकथांवर जीव टाकला त्या माझ्या मुलाने वाचाव्यात म्हणून मी त्याच्या उशाशी पुस्तकं ठेवायचे, मोठ्याने वाचून दाखवायचे, रंगात आलं की मुद्दाम थांबायचे. तो तेवढ्यात झोपायचा. त्याचा जीव होता पोकेमॉनवर. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळातले १५१ प्राणी त्याला नावानिशी, ताकदीनिशी पाठ होते आणि मी कपाळाला हात लावून 'एवढं अभ्यासाचं पाठ केलंस तर' हे जगातलं सर्वात निरुपयोगी वाक्य म्हणत असे. एका तापाच्या रात्री त्याला झोप येईना म्हणून मी म्हटलं, सांग बाबा तुझे प्राणी. त्याने पाऊण तास सांगितलं. पाण्याचा कुणाला भारी, आगीचा कुणाला, कोण कशातून उत्क्रांत होतो. मला निम्मंही कळलं नाही, पण तो ज्या तन्मयतेने सांगत होता ती मी ओळखली. ती माझीच होती. पुस्तकं पोचली नव्हती, ती तेवढी पोचली होती. कॉमिक्सकडे मी वळले ते पुढे त्याच्याच मागोमाग, म्हणून आज तुमच्याशी हे बोलू शकते.

म्हणून आधी माइनक्राफ्टबद्दल. तुम्ही पत्रात ते असं लिहिलंय, जसं काही मुलगी हातची गेली. अहो, तिला तुमचाच आजार झालाय, फक्त प्रकार वेगळा! ज्याला आपण गीकपणा म्हणतो तो आणखी काय असतो? एका जगाचे बारीकसारीक नियम पाठ असणं, त्यावर तासन्‌तास बोलता येणं, आणि समोरच्याने चुकीचं नाव घेतलं की जीव कळवळणं. तिच्या शेजारी बसा आणि शिकवायला सांगा. वाईट खेळा, त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागणार नाहीत. आणि एक भेट देऊन ठेवते, योग्य वेळी वापरा. त्या खेळात फुस्स करत येणारा हिरवा क्रीपर आहे ना, तो कसा जन्मला ते तिला विचारा. माहीत नसेल तर सांगा. डुक्कर बनवताना उंचीच्या नि लांबीच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि एक उभट, विचित्र प्राणी तयार झाला. बनवणाऱ्याने तो पुसण्याऐवजी ठेवून दिला. मग हळूच राखाडी हल्कची गोष्ट काढा. कुणाची चूक जास्त भारी यावर तुमचं दोघांचं भांडण झालं तर मला कळवा, मी पेढे वाटीन.

तक्त्याचं काय करायचं? काढून टाका. २२ सिनेमे सलग लावले तर दोन दिवस आणि दोन रात्री जातात. हा अभ्यासक्रम झाला. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपली. प्रदर्शनाच्या क्रमाने गेलात तर एकट्या नायिकेच्या नावाचा पहिला सिनेमा, 'कॅप्टन मार्व्हल', एकविसावा येतो. दर शनिवारी एक म्हटलं तर तुमच्या मुलीने स्वतःसारखं कुणीतरी मधोमध उभं राहिलेलं बघण्यासाठी वीस शनिवार थांबायचं. गंमत म्हणजे कथेतल्या काळाप्रमाणे लावले असते तर तोच सिनेमा दुसऱ्या शनिवारी आला असता. क्रमावरून चाहत्यांमध्ये केवढे वाद होतात ते मला माहीत आहे, त्यात मी पडत नाही. पण तुम्ही क्रम निवडलात तो तुमच्या आठवणींचा. आणि हो, त्या ५३ फिगरमध्ये बायका किती आहेत ते एकदा मोजा. मला सांगू नका, स्वतःला सांगा. वंडर वुमन १९४१ पासून आहे, तेव्हा 'मिळतच नाहीत' हे चालायचं नाही.

तिच्या हाताला लागेल असं काही ठेवायचं असेल तर माझ्या मनात कमला खान आहे. २०१४ मध्ये तिच्या नावाने 'मिस मार्व्हल' ही कॉमिक मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षी त्या मालिकेला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ही मुलगी आधी सुपरहिरोंची चाहती आहे, त्यांच्यावर स्वतः गोष्टी रचून लिहिते, आणि मग तिच्यातच शक्ती येते. घरातल्यांची बोलणी खाते, वेळेवर घरी यायचं विसरते. तुमच्या मुलीला आत्ता थोडी मोठी वाटेल, एक-दोन वर्षांत बरोबर बसेल. सिनेमा हवा असेल तर २००४ चा 'द इन्क्रेडिबल्स' घ्या; त्यात अख्खं घरच सुपरहिरो आहे आणि जेवणाच्या टेबलावर भांडतं. किंवा २०१८ चा स्पायडर-मॅनचा ॲनिमेशनपट, ज्यात कुणीही मुखवटा घालू शकतं हाच मुद्दा आहे. फक्त एक पथ्य पाळा: हातात देऊ नका. 'हे वाच, तुला आवडेल' म्हटलं की मुलांच्या कपाळावर जी आठी पडते ती तुम्ही पाहिली असेलच. टेबलावर विसरल्यासारखं ठेवून द्या. आणि तुम्ही स्वतः वाचत हसत बसा, हे सगळ्यांत लागू पडतं.

पाहून झाल्यावर 'आवडलं ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं हे मुलं बरोबर ओळखतात. त्यापेक्षा तिला परीक्षक नेमा. टॉल्किन यांचं 'द हॉबिट' १९३७ साली छापलं गेलं, त्याआधी प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं. त्याने अभिप्राय लिहून दिला, एक शिलिंग मानधन घेतलं आणि हे पुस्तक पाच ते नऊ वयाच्या मुलांना आवडेल असं ठरवून टाकलं. दहा वर्षांचा माणूस, नऊच्या खालच्यांबद्दल कसा बोलतो बघा! तर मानधन ठरवा, कागद द्या, आणि तुमच्या सर्वांत लाडक्या सिनेमाला तिने दहापैकी तीन दिले तर ते कपाटावर चिकटवा. हे पचवणं जड जाईल. दहापैकी तीन द्यायची मोकळीक असेल तर दहा दिलेले खरे.

आता तुमच्या पत्नींचा आक्षेप. तो झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १९८४ पासून सिनेमांना एक मधला दर्जा देतात: तेरा वर्षांखालच्या मुलांना यातलं काही योग्य नसेल, पालकांनी नीट विचार करावा. तुमच्या तक्त्यातले बावीसच्या बावीस सिनेमे त्या दर्जाचे आहेत. बंदी नाही ती, पण नऊ वर्षांच्या मुलीला पाचव्या शनिवारी खरंच पोटात कसंतरी होत असेल, बहाणा नसेलही. शिवाय २०१७ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, दोन्ही लहान मुलांवरचे. एकात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी मोहात पाडायला टॅबलेटवरचा खेळ ठेवला. ज्या मुलांना बॅटमॅनसारखं एखादं आवडतं पात्र व्हायला सांगितलं आणि 'बॅटमॅन मन लावून काम करतोय का?' असं स्वतःला विचारायला लावलं, ती सर्वांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. दुसऱ्या अभ्यासात शाळापूर्व वयाची २४० मुलं होती. सुपरहिरोंमध्ये जी जास्त रमत होती ती वर्षभराने जास्त मारकुटी झालेली दिसली. दुबळ्याच्या मदतीला धावणं मात्र त्यांच्यात वाढलं नव्हतं.

दोन्ही मला पटतात. गुद्दा पटकन दिसतो आणि पटकन जमतो. तो कुणासाठी मारला, मारायचा की नाही यावर कसा विचार केला, हे पडद्यावर दोन सेकंदांत निसटून जातं, आणि लहान मुलाला ते आपसूक कळत नाही. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा मोठी आहे, बोलणारी आहे, आणि प्रश्न तर असे विचारते की काय सांगावं. म्हणजे तिच्याशी बोलता येईल. 'एवढी इमारत पाडली, ती आता बांधणार कोण?' हा प्रश्न मी माझ्या मुलाला सहज विचारला होता, त्यावर आमचा अख्खा आठवडा गेला. पत्नींनाही बोलवा एखाद्या शनिवारी. नावं ठेवणारा माणूस शेजारी असला की सिनेमाला चव येते.

कपाटाबद्दल मी कडक बोलणार आहे, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. मोठ्या माणसाची स्वतःची वस्तू असू शकते, आणि 'याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही' असं त्याने म्हणण्यात काही चूक नाही. मात्र मग ती वस्तू फक्त तुमची. काचेआड कुलपात ठेवून 'हे आपलं आहे' म्हणता येत नाही. मुलं कुलूप वाचतात. तेव्हा वरचे दोन कप्पे तुमचे, खालचे दोन तिचे. तिच्या कप्प्यात काय जाईल ते तिने ठरवायचं, आणि तिथे गेलेल्या फिगरचं डोकं दुसऱ्याच धडावर बसलं तरी तुम्ही बोलायचं नाही.

न उघडलेल्या खोक्याची किंमत काय, यावरही एकदा शांतपणे विचार करा. सुपरमॅनचा पहिला अंक दहा सेंटला विकला गेला. त्याच्या आज शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असा अंदाज आहे, म्हणून तो अमोल आहे. बाकीच्या गेल्या कुठे? मुलांनी वाचल्या, कापल्या, अदलाबदल केल्या, रद्दीत घातल्या. त्यांनी त्या वापरल्या म्हणून उरलेल्यांना मोल आलं. उलट १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक ८० लाखांहून जास्त प्रतींनी खपला, कितीतरी जणांनी जपून ठेवला, आणि आज तो कवडीमोलाने मिळतो, कारण जपून ठेवलेले सगळ्यांकडेच आहेत. आता तर जुन्या कॉमिकला गुणांक देऊन कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. वाचायचं असेल तर ते फोडावं लागतं. पुस्तकाची यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, पण हे माझं मत. तुमच्याकडे असतील तर माफ करा. आणि १९७७ च्या नाताळात 'स्टार वॉर्स'ची खेळणी वेळेत तयार झाली नाहीत म्हणून कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीट विकलं होतं, आत खेळण्यांऐवजी 'खेळणी नंतर पाठवू' असं प्रमाणपत्र. खोकं आधी आणि खेळणं नंतर, असं त्या मुलांचं झालं. तुमच्या घरी खोकं आहे, खेळणं आत आहे, मूल बाहेर आहे, आणि त्याला तीस वर्षं होत आली.

ओरडल्याबद्दल माफी मागा. आजच. 'मी ओरडलो, तसं ओरडायला नको होतं', एवढंच वाक्य. त्यापुढे 'पण' आला की माफी संपली. ती कशी दुर्मीळ होती, केवढ्याला मिळाली होती, हे तिला सांगू नका. ते तिला ओरडण्यातून कळलंय. निखळलेला हात दोघांनी मिळून बसवा. नीट बसला नाही तरी चालेल, या जगात एका हाताचे, यांत्रिक हाताचे, हात गमावलेले वीर काय कमी आहेत? ल्यूकचाच बघा ना.

नाद सोडू का, असं विचारलंत. मुळीच नको. आपला बाप एखाद्या गोष्टीवर जीव टाकतो हे मुलांनी बघायलाच हवं. फक्त एक मनाला लागेल असं बोलते. तुम्हाला या वेडात एक मित्र हवा आहे, आणि ती जागा तुम्ही नऊ वर्षं तिच्यासाठी राखून ठेवलीत. तिने तर अर्जही केला नव्हता. बरोबरीची माणसं शोधा, ज्यांच्याशी क्रमावरून हमरीतुमरीवर येता येईल. ती भूक तिथे भागली की तुमच्या मुलीवरचं ओझं उतरेल. मोठी झाल्यावर ती या वेडात येईल का, ते मी सांगू शकत नाही. माझा मुलगा साहसकथांकडे कधीच वळला नाही. पण अजूनही नवा पोकेमॉन आला की मला चित्र पाठवतो आणि विचारतो, आई, हा कशातून उत्क्रांत झाला असेल? मी दर वेळी चुकीचं सांगते. हल्ली थोडं मुद्दाम.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. त्या फिगरचं साल तुम्ही लिहिलंत, ती न उघडलेली होती हे लिहिलंत, कुठला अवयव निखळला तेही लिहिलंत. इतक्या खोक्यांतून तिने तेच का उघडलं, आणि तुम्ही दारात आलात तेव्हा तिचा कुठला खेळ चालला होता, हे पत्रात कुठेच नाही. तिला विचारा, आणि मला कळवा.

– ताई